पोटातलं गाणं

माणसानं खोटं बोलायचंच तर निदान पूर्ण वाक्यात बोलावं, असं माझं आता अनुभवान्ती मत झालं आहे. मी नुसतं "हं" म्हणालो होतो. त्या एका हुंकारापायी मला चौदा आठवडे आळणी पेज प्यावी लागली, सरकारी वैद्यक मंडळापुढे तीनदा उभं राहावं लागलं, आणि आमच्या इमारतीतल्या सोळा बिऱ्हाडांना माझ्या आतड्यांविषयी इतकी माहिती झाली, की तेवढी मला स्वतःलाही आजतागायत नाही.

आणि प्रकरण काय होतं, तर गाण्याचं.

एप्रिलमध्ये ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या भाचीचा वाढदिवस होता. इपानेमातला छोटासा फ्लॅट, तीसएक माणसं, आणि प्रत्येकजण दुसऱ्यापेक्षा मोठ्यानं बोलत होता. त्यात मी आणि माझी बायको ओंदिना आघाडीवर. यात आमचा दोष नाही. ओंदिना प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. बेचाळीस पोरांच्या डोक्यावरून आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचवण्यात तिची बावीस वर्षं गेली. मी रेकॉर्ड विभागात. आमच्या साहेबांना डाव्या कानानं मुळीच ऐकू येत नाही, आणि उजव्या कानानं त्यांना हवं तेवढंच येतं. त्यामुळे घरी जेवतानासुद्धा आम्ही एकमेकांकडे मीठ मागतो ते किनाऱ्यावरून बोटीला हाक मारावी तसं. भांडण नसतं. खालच्या मजल्यावरच्यांना वाटतं, पण नसतं.

तर त्या गोंगाटात कोपऱ्यात गालिच्यावर बसलेल्या एका हडकुळ्या मुलानं गिटार मांडीवर घेतली आणि तो गायला लागला. तो गातोय हे मला जरा उशिराच कळलं. मला वाटलं, गिटारीला काहीतरी खासगी सांगतोय. आमच्या पिढीत गाणारा म्हणजे छाती काढून उभा राहणारा, आणि शेवटचा सूर असा धरणारा की रेडिओवरची फुलदाणी हलली पाहिजे. या पोरानं काहीच धरलं नाही. बोलता बोलता सूर लागावेत आणि आपले आपण सुटावेत, तसं चाललं होतं. हळूहळू जवळची माणसं गप्प झाली, मग त्यांच्या मागची, मग स्वयंपाकघरातली. ओंदिना माझ्याशेजारी उभी होती. तिच्या हातात कोळंबी भरलेली करंजी होती आणि ती तोंडापर्यंत जायच्या वाटेवर थांबली होती. गाणं संपेपर्यंत तिथेच थांबली. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण ओंदिनाच्या तोंडाकडे निघालेला घास वाटेत अडवणारी कुठलीही गोष्ट मी त्याआधी पाहिली नव्हती.

परतताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "इतकी माणसं होती, पण तो माझ्या एकटीशीच बोलत होता असं वाटलं."

मी एकावन्न वर्षांचा आहे. आन्सेल्मो ताव्हेइरा, कारकून पहिला वर्ग. मत्सर वगैरे करायचं माझं वय नाही. पण आपल्या बायकोशी एकटीशी बोलायला इपानेमातला हडकुळा पोरगा लागावा, हे मला लागलं खरं. बारा ऑगस्टला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. मी बसमध्येच ठरवलं की त्या दिवशी ओंदिनाला गिटारीवर एक गाणं म्हणून दाखवायचं. एकच. तसंच, हळू. आणि तोवर कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

शिकवणी लावली ती लेनिराकडे. लेनिरा वीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी, बोटांएवढीच जीभही चपळ. मंगळवारी आणि शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर तिच्या आईच्या बैठकीत मी बसायचो आणि ती मला झापायची. घरी मी सांगितलं होतं की जादा काम आहे. सरकारी रेकॉर्ड विभागात जादा काम असतं यावर ओंदिनानं विश्वास ठेवला, तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही बाई माझ्या कशावरही विश्वास ठेवेल आणि आपल्याला जपून राहायला हवं.

"सेउ आन्सेल्मो," लेनिरा पहिल्याच दिवशी म्हणाली (झापतानाही 'सेउ', म्हणजे श्रीयुत, लावायला ती विसरत नसे), "तुम्ही गात नाही आहात, भाषण करताय. खोलीत कोण आहे?"

"तू आहेस."

"मग मला सांगा. रस्त्याला कशाला सांगताय?"

मी आवाज कमी केला.

"अजून."

अजून कमी केला.

"हे कमी नाही झालं, हे घाबरलेलं झालं. हळू गायचं म्हणजे भित्र्यासारखं नाही. ज्याला ऐकायचंय तो जवळच बसलाय, याची खात्री असल्यासारखं."

तिनं मला तिच्या भावानं रचलेलं एक बारा ओळींचं गाणं दिलं. त्यात काही घडत नाही. 'खुर्ची जरा जवळ ओढ, आज सांगण्यासारखं काही नाही,' अशी त्याची सुरुवात. अंगठा खाली एकसारखा चालत राहायचा, संध्याकाळी समुद्राकाठी फिरायला निघालेल्या माणसासारखा. तीन बोटं वर मध्येच कुजबुजायची, कधी त्याच्या पुढे, कधी मागे. आणि आवाज त्या दोघांच्या मधून, कुणाला धक्का न लावता जायचा. ऐकायला एवढं सोपं, की आपल्याला जमत नाही याची लाज वाटावी. माझा अंगठा चालायला लागला की बोटं उभी राहायची, आणि दोन्ही चालायला लागली की मला श्वास घ्यायचं लक्षात राहायचं नाही.

सराव करायला जागा पाहिजे होती. आमचं घर कोपाकबानाच्या एका आडरस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. मोलकरीण आम्ही सोडली त्याला सहा वर्षं झाली, पण मागच्या बाजूला तिचं संडास-न्हाणीघर तसंच होतं. त्यात आम्ही इस्त्रीचा फळा, केरसुण्या आणि फुटक्या बॅगा ठेवतो. गिटार या सामानामागे उत्तम मावली. संध्याकाळी साडेसहाला ओंदिना वह्या तपासायला बसली, की मी वर्तमानपत्र घेऊन मागच्या न्हाणीघरात जायचो आणि कडी लावायचो. तासाभरानं बाहेर यायचो. चौथ्या दिवशी ओंदिनानं वहीतून मान वर करून विचारलं, "पोट ठीक नाही का?"

मी म्हणालो, "हं."

बस. एवढंच.

दुसऱ्या दिवशी टेबलावर बोल्दोच्या पानांचा काढा आला. बोल्दोचा काढा ज्यानं प्यायला नाही, त्याला कडू या शब्दाचा अर्थ कळलेला नाही. तिसऱ्या दिवशी काळ्या घेवड्याच्या जागी पपई आली. आठवड्याभरात कोंबडीची पेज सुरू झाली, आधी मीठ घालून, मग न घालता. त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं, हे आता कुणीही म्हणेल. पण मी हिशेब केला, की पेज काय, तीन महिने पिता येईल; बारा ऑगस्टचा तो एक क्षण पुन्हा येणार नाही. शिवाय खरं सांगायचं तर एकावन्नाव्या वर्षी न्हाणीघरात केरसुण्यांमध्ये बसून गिटार वाजवताना पकडलं जाण्यापेक्षा पोटाचा विकार मला अधिक प्रतिष्ठेचा वाटला.

गिटारीचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी नळ सोडून ठेवायचो. कोपाकबानात पाणी दिवसाला दोन तास येतं, उरलेलं गच्चीवरच्या टाकीतून. दहा दिवसांनी टाकी संध्याकाळी सातलाच कोरडी पडायला लागली. इमारतीची व्यवस्था मेजर आरिस्तिदेस यांच्याकडे. ते दुसऱ्या मजल्यावर राहतात. निवृत्त झाले आहेत, पण ते फक्त सैन्यातून. त्यांनी प्रत्येक मजल्यावर जाऊन पाण्याच्या पाइपला कान लावला आणि गुन्हेगार शोधून काढला. मी कडी काढून बाहेर आलो, तर ते आमच्या स्वयंपाकघरात ओंदिनासमोर बसलेले.

"ताव्हेइरा," ते म्हणाले, "वहिनींनी मला सगळं सांगितलंय. लाजायचं कारण नाही. छावणीत माझ्या अर्ध्या तुकडीला हेच झालं होतं."

"पण मेजर..."

"एरंडेल. दोन चमचे, पहाटे, उभं राहून. आणि पाणी जपून."

दुसऱ्या दिवशी खाली जिन्यापाशी नोटीस लागली. 'तिसऱ्या मजल्यावरील एका रहिवाशाच्या प्रकृतीच्या कारणास्तव टाकीवर ताण येत आहे. इतरांनी सहकार्य करावे.' नाव नव्हतं. पण तिसऱ्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं आहेत, आणि दुसऱ्या बिऱ्हाडानं नोटिशीखाली पेन्सिलीनं 'आम्ही नव्हे' असं लिहून ठेवलं.

मग मी नळ बंद ठेवायला लागलो आणि आणखी हळू वाजवायला लागलो. त्यानं माझं गाणं सुधारलं, पण प्रकृती एकदम खालावली. कारण मागची सगळी न्हाणीघरं एका उभ्या बोळकांडीवर उघडतात. हवा खेळावी म्हणून ती ठेवली आहे. हवा खेळत नाही, पण आवाज खेळतो. आमच्या डोक्यावर चौथ्या मजल्यावर दोना किटेरिया, म्हणजे किटेरियाबाई, राहतात. त्यांचे कैलासवासी पती औषधांचे दुकानदार होते, त्यामुळे संपूर्ण मानवी शरीर त्यांना वारसाहक्कानं मिळालं आहे. त्यांच्या कानांना मोठमोठ्या छातीच्या गायकांची सवय. माझ्या गळ्यातून जे निघत होतं ते गाणं असू शकेल, ही कल्पना त्यांना शिवणंही शक्य नव्हतं.

"अगं, तो कण्हतो," त्यांनी ओंदिनाला जिन्यात गाठून सांगितलं. मी वरच्या वळणावर उभा राहून ऐकत होतो. "आधी भिंतीवर बोटं आपटल्यासारखा आवाज येतो. कळ येत असणार. मग कण्हायला लागतो. मध्ये थांबतो, पुन्हा तिथूनच सुरुवात करतो. आणि तुला सांगू का, सुरात कण्हतो बिचारा. माझ्या यांचंही शेवटी असंच झालं होतं."

"सुरात?" ओंदिनानं विचारलं.

"शेवटी शेवटी माणूस मऊ होतो गं."

लेनिराला हे सांगितलं तेव्हा ती हसून हसून गालिच्यावर आडवी झाली. मग उठून म्हणाली, "पण एक गोष्ट चांगली झाली. चौथ्या मजल्यावरच्या बाईला वाटलं की तुम्ही मनापासून काहीतरी सांगताय. गेल्या महिन्यात तर तेही वाटलं नसतं."

इथवरही निभावलं असतं. पण ओंदिनानं काळजीनं आमच्या साहेबांना फोन केला. साहेब उजव्या कानानं ऐकत असावेत. त्यांनी 'आतडी' ऐकलं, 'दीर्घकाळ' ऐकलं, आणि परोपकारबुद्धीनं मला सरकारी वैद्यक मंडळाकडे पाठवून दिलं. प्रकृतीच्या कारणास्तव मला लवकर निवृत्त करता येईल का, हे पाहण्यासाठी. मी मंडळाच्या खिडकीवर जाऊन स्पष्ट सांगितलं की मला काहीही झालेलं नाही, तसा दाखला द्या.

खिडकीतला गृहस्थ सज्जन होता. त्यानं मला दोन फॉर्म दाखवले. "हा आजारी असल्याच्या दाखल्याचा. हा बरा झाल्याच्या दाखल्याचा."

"मी आजारी पडलोच नाही. त्याचा फॉर्म?"

"तो नाही."

"का नाही?"

"निरोगी माणूस इथे कशाला येईल?" त्यानं विचारलं, आणि मीही पहिल्या वर्गाचा कारकून असल्यामुळे मला त्याचं म्हणणं पटलं. "तुम्ही असं करा. आधी आजाराचा दाखला घ्या. मग बरं झाल्याचा मी लगेच देतो."

आजाराच्या दाखल्यासाठी शौचाचा नमुना लागतो. नमुना काडेपेटीत न्यायचा असतो. मी सकाळी सात वाजता सूट घालून, टाय बांधून, कोटाच्या खिशात ती काडेपेटी घेऊन बसथांब्यावर उभा होतो. खिशावर सारखा हात जात होता. शेजारच्या माणसानं ओठात सिगारेट धरली आणि म्हणाला, "जरा काडी देता का?"

"मी ओढत नाही," मी म्हणालो.

"मग खिशात काय आहे? कोपरा दिसतोय की."

"ती रिकामी आहे."

"रिकामी काडेपेटी घेऊन इतकं जपून कोण उभं राहतं?" तो म्हणाला. मी थांबा बदलला. माणसाच्या आयुष्यात काही प्रसंग असे येतात, की त्यानंतर आपण कोण आहोत याविषयी तो फार आग्रही राहत नाही.

तो नमुना निर्दोष निघाला. त्यावरून मंडळानं असा निष्कर्ष काढला की विकार खोलवर असावा.

या सगळ्या गडबडीत घरात एक बदल होत गेला, तो माझ्या ध्यानात फार उशिरा आला. ओंदिनाचा आवाज कमी झाला होता. ती दुसऱ्या खोलीतून हाका मारेनाशी झाली. काही सांगायचं असलं की माझ्या खुर्चीपर्यंत चालत यायची, वाकायची आणि विचारायची, "थोडी पेज देऊ?" रेडिओ बंद असायचा. वह्यांची पानं ती हलकेच उलटायची. एके रविवारी दुपारी आम्ही दोघं खिडकीशी बसलो होतो आणि अर्धा तास अगदी हळू, उगीच काहीबाही बोलत होतो: समोरच्या गॅलरीतल्या पोपटाबद्दल, तिच्या शाळेतल्या एका मुलीच्या दातांबद्दल. मला फार बरं वाटलं. लग्न झाल्यापासून इतकं सुख मला झालं नव्हतं. ज्यासाठी मी आठवड्यातून दोनदा शिकवणीला जात होतो, ते घरात आयतंच आलं होतं, आणि ते कुठून आलं हा प्रश्न मला पडला नाही. गाणं शिकणारा माणूस इतका बहिरा असू शकतो.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी दोना किटेरियांनी माझ्यासाठी आमच्या घरी प्रार्थना ठेवली होती. चार वाजता लोक येणार होते. दोनच्या सुमारास मी चष्मा शोधत होतो. ओंदिनाच्या वह्यांच्या गठ्ठ्यात हात घातला आणि एक कार्बन प्रत हाती लागली. शिक्षण खात्याला लिहिलेलं पत्र. 'पतीच्या प्रकृतीच्या कारणास्तव मुख्याध्यापिकेचे पद स्वीकारण्यास मी असमर्थ आहे. कृपया अन्य व्यक्तीचा विचार व्हावा.' तारीख अकरा दिवसांपूर्वीची. ते पद तिला मिळालं आहे, हेही मला ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं ती त्याची वाट बघत होती. मसुदा अगदी निर्दोष होता. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नव्हता. मी आयुष्यभर असली पत्रं फायलीत लावत आलो आहे. पहिल्यांदा एक वाचलं.

चार वाजता बैठकीत अकरा माणसं होती. मेजर एरंडेलाची बाटली घेऊन आले होते. दोना किटेरियांनी मेणबत्ती लावली आणि डोळे मिटले. मी मागच्या न्हाणीघरात गेलो, इस्त्रीचा फळा बाजूला केला आणि गिटार घेऊन बाहेर आलो.

"मला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "मी आजारी नव्हतोच. मी गात होतो."

मेजरांनी एरंडेलाची बाटली खाली ठेवली. मग दोना किटेरिया ओंदिनाचा हात धरून हळूच म्हणाल्या, "डोक्यात गेलं वाटतं."

"आन्सेल्मो, बस," ओंदिना म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "बस, दमशील."

"मी खरंच गात होतो. लेनिरा नावाच्या मुलीकडे शिकलो. पंचविसाव्या वाढदिवसासाठी. लग्नाच्या. ऐक."

मी खुर्चीच्या कडेवर बसलो आणि सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी लेनिरानं मान डोलावली असती अशा गेल्या. मग मेजर म्हणाले, "जरा मोठ्यानं, ताव्हेइरा. मागे काही येत नाही." आणि तीस वर्षं बहिऱ्या साहेबाला टिपणं वाचून दाखवणारा माणूस माझ्यात जागा झाला. मी आवाज चढवला. अंगठा धावायला लागला, बोटं चुकली, 'खुर्ची जवळ ओढ' हे मी अकरा माणसांना हुकूम सोडावा तसं म्हणालो. मेजरांनी खरोखरच खुर्ची ओढली. सहाव्या ओळीला मी थांबलो. पुढे म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मक्याचा केक खाल्ला. दोना किटेरिया जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत. मी त्यांची तीन महिन्यांची सहानुभूती बुडवली होती आणि ते खरंही होतं. मेजर बाटली परत घेऊन गेले.

दार लागल्यावर ओंदिना मेणबत्तीजवळ उभी राहिली. मला वाटलं, आता ती ओरडेल. मी ओरडण्याची वाट बघत होतो. ते मला सोसलं असतं.

"कापड आणलं होतं मी," ती म्हणाली. "काळं. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी, दुखवट्याला. शिंपिणीकडे टाकायचं धाडस झालं नाही म्हणून कपाटात आहे. रोज संध्याकाळी तू आत गेलास की मी दाराशी उभी राहायची. आतून तो आवाज यायचा. मी मनात म्हणायची, देवा, त्याला फार दुखू देऊ नकोस."

"ओंदिना..."

"तो आवाज मला इतका आवडायचा, की मला माझीच लाज वाटायची," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

रविवारी ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दुपारी तिनं माझ्यासमोर काळ्या घेवड्याचं भलंमोठं ताट ठेवलं. डुकराचे कान, सॉसेज, वर संत्र्याच्या फोडी. चौदा आठवड्यांनी. ते प्रेमानं वाढलं होतं की शिक्षा म्हणून, हे विचारायचा मला अधिकार नव्हता. मी सगळं संपवलं. पेजेवर पोसलेल्या पोटाला ते झेपणार नव्हतं आणि झेपलं नाही. संध्याकाळी मी मागच्या न्हाणीघरात, या खेपेला गिटारीशिवाय, भिंतीला डोकं टेकवून खरोखर कण्हत बसलो. दाराबाहेर पावलं थांबली.

"छान," ओंदिनाचा आवाज आला. "सूर जरा खाली घे."

चोवीस तासांनंतरचं ते पहिलं वाक्य होतं. पोटात कळ आली होती तरी मला हायसं वाटलं.

सोमवारी सकाळी मी ती कार्बन प्रत तिच्यापुढे ठेवली, दोघांनीही रजा टाकली आणि आम्ही शिक्षण खात्याच्या कचेरीत गेलो. पत्र परत मिळतं का बघायला. दुसऱ्या मजल्यावर लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना बाकं, माणसंच माणसं, उघड्या दारांतून टाइपरायटरांची खडखड. टोकाच्या खिडकीवरच्या बाईंनी रजिस्टर चाळलं, मग एक फाइल, मग एक टोपली. ओंदिनाचं पत्र टोपलीच्या तळाशी निघालं. हललंच नव्हतं.

"तिकीट नाही लावलेलं," बाई म्हणाल्या. "तिकिटाशिवाय आम्ही पत्र आलं असं धरत नाही."

"मग ते आलंच नाही," ओंदिना म्हणाली.

"नाही."

"मग मी ते घेऊन जाते."

"कसं नेणार? आलं नाही ते परत कसं देणार? अर्ज करावा लागेल. नंबर घ्या, साहेब कॉफीला गेलेत."

आयुष्यात पहिल्यांदा सरकारी दिरंगाईपुढे मी मनोमन हात जोडले. नंबर मिळाला त्र्याऐंशी. खिडकीवर तेव्हा बेचाळीस चालू होता. आम्ही बाकावर बसलो. आमच्यामध्ये ओंदिनाची पर्स होती. एका बाजूला एक म्हातारे गृहस्थ डुलकी घेत होते, दुसऱ्या बाजूला दोन शिक्षिका बदलीवरून तावातावानं भांडत होत्या. नंबर सत्तरीत पोचेपर्यंत ओंदिना पर्सची कडी उघडत आणि लावत राहिली.

"लेनिरा कशी आहे दिसायला?" ओंदिनानं विचारलं.

"वीस वर्षांची. झापते फार."

"चांगलं करते." मग जरा वेळानं, "शनिवारी मला काहीच कळलं नाही. शब्द काय आहेत त्याचे?"

"फार काही नाहीत. सांगण्यासारखं त्यात काही घडत नाही."

"म्हण."

"इथे?"

"मग काय, मेजरांना बोलावू?"

मी पर्स मांडीवर घेतली. चामडं जुनं होतं, बोटांना बरं वाटलं. अंगठा चालायला लागला, बोटं त्याच्या मागेपुढे. मी तिच्याकडे वळलो आणि म्हणायला लागलो. त्या बोळात माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू येत होता. टाइपरायटर खडखडत होते, भांडण चालू होतं, शिपाई नंबर पुकारत होता. ओंदिनानं आधी भुवया आकसल्या, मग ती सरकली, मग तिनं मान माझ्याकडे झुकवली, इतकी की तिचे केस माझ्या चष्म्याला लागले आणि श्वासानं काच धुरकटली. मला काहीच दिसेनासं झालं. मोठ्या आवाजात बोलताना माणसाला समोरचा दिसत असावा लागतो. हे मात्र न बघता म्हणता येत होतं. सहावी ओळ आली आणि गेली. बारावीही गेली. मी कुठला सूर धरला नाही. सूर आपले आपण सुटले.

ती तशीच राहिली. तिचा श्वास मला गालावर कळत होता.

"चौथी ओळ पुन्हा," ती म्हणाली. बावीस वर्षं वर्गात ती पोरांना चौथी ओळ पुन्हा म्हणायला लावत आली होती, तसं नाही. अगदी हळू.

मी चौथी ओळ पुन्हा म्हणालो, आणि तिथून पुढे उरलेलं सगळं.

आम्ही मान वर केली तेव्हा खिडकीवर शहाण्णव नंबर चालू होता. शेजारचे म्हातारे गृहस्थ जागे झाले होते. "तुमचा त्र्याऐंशी ना?" ते म्हणाले. "तीनदा पुकारला त्यानं. मी तुम्हाला सांगणार होतो, पण म्हटलं, महत्त्वाचं काहीतरी बोलताय."

ओंदिना उठली, खिडकीपर्यंत गेली आणि नवा नंबर घेऊन आली. एकशे एकतीस. साहेब पुन्हा कॉफीला गेले होते. तिनं पर्स उचलून माझ्या मांडीवर ठेवली, माझ्या अगदी लगत बसली, आणि आम्ही वाट बघत राहिलो.